संत्र्याचे हात, कानातली वायर

अमरावतीत राजापेठेच्या रस्त्यावर संत्र्याच्या गाड्या लागल्या की मला कॅलेंडर बघावं लागत नाही. दसरा-दिवाळी उलटलेली असते, सकाळी नळाचं पाणी हाताला बोचायला लागलेलं असतं, आणि ऑफिसात कुणीतरी डबा संपल्यावर पिशवीतून संत्रं काढतं. साल फुटते, तो बारीक फवारा उडतो आणि सगळ्या खोलीत वास पसरतो. बाकीचे "वा, आंबिया बहार आला वाटते" म्हणत फोडी वाटून घेतात. मी आधी रुमाल शोधते. फोड खाल्ली की हात पुसते, मग साबणाने धुते, मग पुन्हा पुसते आणि तेव्हा कुठे फोनला हात लावते. शेजारच्या टेबलावरच्या देशमुख मॅडम दरवर्षी म्हणतात, "वैशाली, हे काय नवीन सोवळं काढलं तुमी? संत्रंच हाय ते, डांबर नाही." मी हसते. आपण संत्र्याच्या गावची माणसं, आणि संत्र्यालाच असं वागवतो, याचं त्यांना नवल वाटतं.

यंदा पहिल्या गाड्या लागल्या त्याच आठवड्यात सुगतचा मेसेज आला. मधे कितीतरी वर्षं काही नव्हतं. वाढदिवसाला नाही, दिवाळीला नाही. आणि आता एकदम, काल बोलणं अर्धवट राहिलं होतं अशा थाटात: "वैशाली, ते रेकॉर्डिंग अजून असतीन का तुह्याजोळ? माहा तो फोन कवाचाच गेला. बायको परीक्षेची तयारी करून राह्यली. लेकरू लहान हाय, हातात पुस्तक धराले भेटत नाही तिले. असतीन तं पाठवजो. नसतीन तं काही नाही."

शेवटचं वाक्य मी परत परत वाचलं. नसतील तर काही नाही. त्याच्यासाठी खरंच काही नाही. तो बाजारात चार नोट्स शोधेल, कुणाची तरी व्हिडिओची शिकवणी लावून देईल आणि पुढे जाईल. ज्या गोष्टीला तो "असतीन तं" म्हणतो, ती मी तीन फोन बदलताना पहिल्यांदा नव्या फोनात उतरवून घेतली आहे. आधी ती, मग आईचे फोटो. आता ती द्यायची की नाही, एवढाच प्रश्न होता. उत्तर मी कितीतरी दिवस दिलं नाही, आणि रोज त्या पोरीचा विचार यायचा, जिला मी पाहिलेलं नाही आणि जिच्या हातात पुस्तक ठरत नाही.

हातात पुस्तक न ठरणं म्हणजे काय ते मला चांगलं माहीत आहे. आमचं गाव वरूडपासून जवळ. घरची संत्र्याची बाग आहे, आणि बागेपेक्षा मोठं बाबांचं शेड. आजूबाजूच्या बागांचा माल तिथे येतो, निवडला जातो, क्रेटमध्ये भरला जातो आणि ट्रकमध्ये चढतो. मी तेव्हा अमरावतीला अभ्यासिकेत जागा लावून स्पर्धा परीक्षेची तयारी करत होते. परीक्षा हिवाळ्यात आणि मालही हिवाळ्यात. दोघांनाही माझ्याशिवाय दुसरं कुणी सापडलं नसावं. त्या वर्षी मजूर मिळेनात. बाबांचा फोन आला, "अभ्यास कर, मी कुठं नाही म्हणतो. पण बसून कर. शेडातही बसता येतेच." आमच्या बाबांच्या बोलण्यात असं एखादं वाक्य असतं की त्याच्यावर भांडायला जागाच उरत नाही. मी पुस्तकं घेऊन घरी आले.

शेडात बायका संत्र्याच्या ढिगाभोवती बसतात. मोठं एकीकडे, मधलं एकीकडे, बारीक वेगळं, डागी फळ रसासाठी. हात थांबत नाहीत. डोळ्यांना तर फळावरून हलायची सोयच नाही, नजर हटली की डागी फळ चांगल्यात जातं आणि व्यापारी सगळं क्रेट पालथं करून दाखवतो. पहिल्या दिवशी मी मांडीवर राज्यघटना उघडी ठेवून पाहिली. संध्याकाळपर्यंत तिची पानं पिवळी आणि चिकट झाली, आणि माझी एक ओळ वाचून झाली नाही. त्या दिवशी मी सुगतला फोन करून रडले, खरं सांगायचं तर.

सुगत अभ्यासिकेत माझ्या समोरच्या रांगेत बसायचा. अकोल्याचा. वडील एसटीत, घर जठारपेठेच्या मागच्या गल्लीत. अभ्यासिकेत बोलायला बंदी, म्हणून आमची ओळख चहाच्या टपरीवर झाली आणि तिथेच वाढली. तो आधी मला "तुमी" म्हणायचा, मग एकदा सराव परीक्षेत मला त्याच्यापेक्षा जास्त मार्क पडले आणि रागाने "तू" वर आला. राग गेला, "तू" राहिलं. मी रडून झाल्यावर त्याने शांतपणे विचारलं, "हात रिकामे नाहीत, डोये रिकामे नाहीत. कान रिकामे हायेत ना?"

तोही तेव्हा अकोल्याला घरी राहून अभ्यास करत होता; दुसऱ्या दिवशी दुपारी पहिलं रेकॉर्डिंग आलं. "जयभीम, वैशाली. आज मूलभूत हक्क." आणि तो वाचत गेला. रोज एक. कधी लांब, कधी छोटं. आपली स्वतःचीही उजळणी होते असं तो म्हणायचा, पण कुणी उजळणी अशी करत नाही. अवघड शब्दापाशी तो दोनदा थांबायचा. माझा जिथे गोंधळ होतो ते त्याला माहीत होतं, तिथे म्हणायचा, "हे तू चुकते, पुन्हा आयक." मधेच त्याच्या आईची हाक, कुकरची शिट्टी, गल्लीतून जाणारा भाजीवाला. मधेच, "थांब वं, पानी आलं नळाले, भरून येतो." तो बंदही करायचा नाही. मग बादली भरल्याचा आवाज, आणि धापा टाकत, "हां, तं कुठं होतो आपन?" तो कुठे होता हे मला प्रत्येक वेळी माहीत असायचं. मी संत्री निवडत असायचे आणि कानात अकोल्यातलं एक अख्खं घर चालू असायचं.

माझ्या शेजारी शांताकाकू बसायच्या. आईच्या वयाच्या, जिभेला धार. एक दिवस म्हणाल्या, "काय आयकते वं दिवसभर? गानं आसन तं आमालेही आयकव." मी एका कानातलं काढून त्यांच्या कानात घातलं. त्या दिवशी समतेची कलमं चालू होती. धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून कुणाशी भेदभाव करता येणार नाही, असं सुगत संथपणे वाचत होता. काकूंनी पुष्कळ वेळ ऐकलं. मग विचारलं, "हे कोन म्हनून राह्यलं?"

"सरकार म्हणते काकू. राज्यघटनेत आहे."

"ते नाही वं. हा पोट्टा कोन?"

मी म्हटलं, सोबत अभ्यासाला आहे. काकूंनी माझ्याकडे एकदा पाहिलं, हातातलं संत्रं मोठ्यांत टाकलं आणि म्हणाल्या, "आवाज चांगला हाय. जपून आयक." त्या वेळी मला वाटलं, कान खराब होतील म्हणून सांगतायत.

आता वायरीबद्दल सांगायला हवं, कारण त्या हंगामात माझी अर्धी चिंता परीक्षेची होती आणि अर्धी वायरीची. माझ्याकडचे इयरफोन साधे, वायर जन्मापासून जोडलेली. ते शेडात टिकेनातच. आधी वायर चिकट व्हायची, मग कडक, मग जिथे वाकते तिथे, फोनच्या पिनेपाशी, तिला भेग पडायची. आत केसासारख्या तांब्याच्या तारा असतात. त्यातली एकेक तुटत जाते आणि आपल्याला कळत नाही. मग एका सकाळी एका कानातला आवाज जातो. पीन जरा फिरवली की येतो. मग ती त्याच अंशात धरून ठेवायची. मी आगपेटीची काडी लावून टेप गुंडाळली, फोन ओढणीत विशिष्ट बाजूने खोचला, मान एकीकडे कलती ठेवून दिवस काढले. मला एका बाजूला कललेली पाहून बाबा म्हणाले, "मान आखडली का? तेल लाव." सुगतचा आवाज एका कानात आला तरी मी भागवून घेत होते. दोन्ही कानांत गेला की संपलं. जोडलेल्या वायरीचं असं आहे: ती गेली की सगळंच जातं. कानात घालायचे ते तुकडे धडधाकट असतात, आवाज काढायची त्यांची ताकद तशीच असते, पण त्यांना कचऱ्यातच जावं लागतं.

वरूडच्या दुकानातून मी एकामागून एक इयरफोन आणले आणि दुकानदाराला कंपनीच्या नावाने बोल लावले. दोष माझ्या हातांचा होता. आमच्याकडच्या कुठल्याही लेकराला विचारा, संत्र्याची साल फुग्यासमोर पिळली की काय होतं? फुगा फट्कन फुटतो. वाढदिवसाला हा उद्योग आम्ही भावंडांनी इतका केला की आईने फुगे आणणंच बंद केलं. सालीतलं तेल रबर खातं, हे आम्हाला चालायला लागल्यापासून माहीत. आणि तेच तेल बोटांना फासून मी दिवसातून शंभर वेळा वायर नीट करत होते, कानातलं खोचत होते. पण हे डोक्यात आलं नाही. रोजच्या हवेतली गोष्ट माणसाला दिसत नाही, म्हणतात ते खोटं नाही. हे सुगतच्या लक्षात आलं, ज्याने संत्रं फक्त विकत घेऊन खाल्लं होतं. फोनवर म्हणाला, "वायर नाही मरून राह्यली, तू मारून राह्यली तिले."

मग तो वरूडला आला. अकोल्याहून अमरावती, अमरावतीहून वरूड, एवढा प्रवास एका डबीसाठी. बसस्टँडवरच भेटलो, घरी येणं शक्य नव्हतं. डबीत नवे इयरफोन होते. जठारपेठेतल्या दुकानात त्याने म्हणे पुष्कळ वेळ घालवला होता, दुकानदाराचं डोकं खाल्लं होतं. याची वायर काढता यायची. कानातल्या तुकड्याला बारीक भोकं, वायरीच्या टोकाला दोन नाजूक पिना. त्याने स्टँडच्या बाकावर बसून मला काढून दाखवली, लावून दाखवली. सोबत दोन जादा वायरी. "आता तुह्या संत्र्याले किती वायरी खाच्या त्या खाऊ दे. वायर गेली तं वायर बदल. आवाज तोच राहीन." हे सांगताना त्याचा चेहरा इतका उजळला होता, जणू इयरफोन त्यानेच शोधून काढले. मी त्याला घरची संत्री पिशवीभर दिली. निघताना म्हणाला, "दुकानवाल्यानं एक सांगतलं. गरज असन तवाच काढजो. सारखी काढघाल केली तं भोक सैल होते म्हने." मी हो म्हटलं. बस निघाली आणि मी कितीतरी वेळ त्या बाकावर बसून राहिले. तेव्हा मला कळलं की मला हा माणूस हवा आहे. परीक्षेपुरता नाही. घरात, नळाला पाणी भरताना, कुकरच्या शिट्टीच्या मधे, रोज.

आणि मी काय केलं? वायर जपली. फार जपली. रोज संध्याकाळी काम झालं की ती काढायची, कोरड्या फडक्याने तेल पुसायचं, दोन्ही तुकडे वेगळे डबीत ठेवायचे, सकाळी पुन्हा लावायची. इतकी निगा मी स्वतःच्या केसांची कधी घेतली नाही. वायरीला खरंच काही झालं नाही. जादाच्या वायरी तशाच कोऱ्या राहिल्या. पण माल संपत आला तसं उजव्या कानातलं मान हलवली की गप्प व्हायला लागलं. वायर नवीकोरी, आणि भोक सैल. ज्या जागी काहीच बिघडू नये म्हणून हे सगळं घेतलं, तीच जागा मी रोज थोडी थोडी झिजवली होती.

परीक्षेत मी पास झाले, तो त्या वेळी थोडक्यात राहिला. पुढच्या वर्षी त्यालाही अकोल्यात नोकरी लागली. मला अमरावतीला. आमचं दोघांचं लग्नाचं तोवर ठरलं होतं; आता सांगायला हरकत नाही म्हणून मी घरी सांगितलं.

बाबांनी आवाज चढवला नाही. चढवला असता तर मी भांडले असते, मला भांडता येतं. ते अंगणात खाटेवर बसले होते. म्हणाले, "पोरगा सोन्यासारखा आसन. तुह्या पारखीवर माहा भरोसा हाय. पन मले या गावातच राहाचं हाय, वैशाली. तुह्या भावाच्या पोरी हायेत उद्याच्या. लोकं जात इच्यारतात, मार्क नाही इच्यारत." मी म्हटलं, बाबा, ज्याच्या आवाजावर मी पास झाले तो माणूस आहे हा. ते म्हणाले, "म्हनूनच तं वाईट वाटून राह्यलं." आणि उठून बागेत गेले. तिकडे अकोल्याला सुगतच्या आईनेही त्याला जवळ बसवून सांगितलं होतं, "बाप्पू, मोठ्या शेतवाल्याची पोरगी हाय ते. तुहा अपमान होईन थो मले पाहावनार नाही." दोन्ही घरं वाईट नव्हती, हेच आमचं दुर्दैव. वाईट घरं असती तर पळून जाणं सोपं झालं असतं.

मग काढघाल सुरू झाली. बाबांना बरं नाही, म्हणून काही दिवस बोलू नको. बोललो नाही. ते बरे झाले, पुन्हा बोलायला लागलो. भावाच्या सासरी कुणीतरी काही ऐकलं, म्हणून पुन्हा थांबलो. त्याच्या बहिणीचं लग्न ठरत होतं, तेवढ्यापुरतं तो म्हणाला, "आता नको." मग लग्न झालं, पुन्हा फोन. दरवेळी आम्ही दोघं समजूतदारपणे वेगळे व्हायचो आणि दरवेळी वाटायचं, मोडलेलं तर काहीच नाही, नंतर लावूच. भेटायचो मूर्तिजापूरला. अमरावती आणि अकोल्याच्या मधे पडतं ते. स्टँडवर चहा, एक फेरी बाजारातून, आणि आपापल्या बसा. आधी तो बसच्या खिडकीशी येऊन उभा राहायचा, बस हलेपर्यंत. मग बस यायच्या आधीच घड्याळ बघायला लागला. फोनवर पूर्वी तो मला बोलू द्यायचा नाही इतकं बोलायचा. आता "आणखी काय?" मधे मधे यायला लागलं. मी ते ऐकत होते आणि ऐकलं नाही असं करत होते.

शेवटची भेट अकोल्याला, जठारपेठेतच, उन्हाळ्यात. एका रसवंतीत बसलो होतो. मी त्या वेळी ठरवून गेले होते. म्हटलं, सुगत, मी आता बाबांना शेवटचं सांगते. ते नाही म्हणाले तरी आपण करू. मी नोकरीवर आहे, तू नोकरीवर आहेस. त्याने ग्लास फिरवत ठेवला. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "वैशाली, एक खरं सांगू? पयले तुहा फोन आला का मले आनंद व्हायचा. आता भेव वाटते. वाटते, आता किती दिवसासाठी आली असन?"

मी म्हटलं, "या वेळेस कायमची आले."

"तू खरंच आली असशीन. पन माह्याच्यानं आता धरनं होत नाही वं. मी लई येळा सोडून सोडून शिकलो सोडाचं." तो रडत नव्हता. मी रडत होते, आणि रसवंतीवाला उगाच स्वच्छ टेबल पुन्हा पुसत होता. बाहेर अकोल्याचं ऊन असं होतं की रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. मी त्या उन्हातून स्टँडपर्यंत चालत गेले. तो सोबत येतो म्हणाला, मी नको म्हटलं.

लोक विचारतात, कुठली वायर जास्त टिकते? देशमुख मॅडमनी परवा त्यांचे बिनवायरीचे दाखवत विचारलं, "तुमचा त्या वायरवाल्यांवर एवढा अभ्यास, सांगा बरं." त्यांच्या बिनवायरीतला एक तुकडा मागच्या महिन्यात ऑटोत राहून गेला, तरी त्या दुसरा कौतुकाने वापरतात. मी त्यांना दुकानात सांगतात तेच सांगितलं, की काढता येणारी घ्या, वायर बदलता येते, पैसे वाचतात. आणि ते बरोबरच आहे. पण मनातून मला त्या जुन्या, जोडलेल्या वायरीचं मोठेपण जाणवतं. तिच्याकडे दुसरी संधी नसते, म्हणून माणूस तिला काडी लावतो, टेप गुंडाळतो, मान वाकडी करून दिवस काढतो. आणि तुटते तेव्हा ती सरळ तुटते. तुटली हे कळतं. काढता येणारीला तुटणं माहीतच नसतं. ती सैल होते. आवाज येतो, जातो, येतो. आणि आपण आशेने मान हलवत बसतो. माझी वर्षं तशी गेली. मला लग्नाची स्थळं आली, मी नको म्हणत गेले. बाबा आता विचारत नाहीत. मागे एकदा शेडात बसल्या बसल्या एकदम म्हणाले, "त्या पोराचं झालं का लग्न?" मी म्हटलं, झालं असेल. त्यांनी एक डागी संत्रं माझ्या हातातून घेऊन बाजूला टाकलं.

गेल्या रविवारी दुपारी जेवण आटोपून मी दार लावलं आणि रेकॉर्डिंग काढली. द्यायचं ठरवलं होतं. त्याच्यासाठी ठरवलं असं म्हणता येणार नाही. एक पोरगी अकोल्यात कुठेतरी कडेवर लेकरू घेऊन पोळ्या लाटत असेल आणि परीक्षा जवळ येत असेल. हात रिकामे नाहीत, डोळे रिकामे नाहीत. तिला मी नाही म्हणू शकत नाही. फाइल दिली म्हणून फाइल संपत नाही, हेही मला कळतं. पण शांताकाकूंनी एकदा ऐकला तेवढा सोडला तर तो आवाज आजवर माझ्या एकटीच्या कानात होता. त्याच्या नावाशी माझं नाव दुसरं कुठेच जोडलेलं नाही, ना कागदावर, ना कुणाच्या तोंडी. तेवढा एक हक्क होता आणि तोही मी आता सोडायला बसले होते.

जशीच्या तशी पाठवता येणार नव्हती. तिने ती लेकराला थोपटत ऐकायची आणि मधेच तिच्या नवऱ्याच्या तोंडून दुसऱ्याच बाईचं नाव यायचं, हे बरं नाही. तिने माझं काही बिघडवलेलं नाही. म्हणून मी एकेक रेकॉर्डिंग ऐकत कापायला घेतली. फोनमध्ये तशी सोय असते. रेघांमधून नको तो तुकडा निवडायचा आणि कापायचा. "जयभीम, वैशाली." त्यातलं जयभीम राहू दिलं, नाव कापलं. "हे तू चुकते, पुन्हा आयक." कापलं. "आज थंडी हाय इकडं, तुह्या शेडात किती असन? स्वेटर घालजो." कापलं. नळाचं पाणी कापलं. एका ठिकाणी तो पंचायत राजबद्दल सांगता सांगता थांबतो, कितीतरी वेळ काहीच बोलत नाही, आणि मग हळूच म्हणतो, "काई नाही. असंच. तू आयकून राह्यली ना?" ते मी आधी पाच-सहा वेळा ऐकलं, "हो" म्हटलं, मोठ्याने, रिकाम्या खोलीत. मग कापलं. हसू कापलं. खोकला राहू दिला, खोकला कुणाचाही असू शकतो.

प्रत्येक वेळी फोन विचारतो, मूळ रेकॉर्डिंग ठेवायचं की हेच त्याच्या जागी ठेवायचं. सुरुवातीच्या काहींना मी मूळ ठेवलं. मग हात थांबला. परत लावता येईल अशी सोय ठेवली की मी परत परत लावत बसते, हे मला माझ्याबद्दल आता पुरतं कळलं आहे. अशी किती वर्षं मान हलवत बसणार? मी "याच जागी" दाबलं. मग पुढच्यांना तेच दाबत गेले, आणि शेवटी मागे जाऊन ठेवलेली मूळही पुसली. एका मुलीशी कुणीतरी इतकं प्रेमाने बोलत होतं, याचा या जगात आता कुठेही पुरावा नाही. उन्हं कलली तेव्हा माझ्यापाशी उरली ती फक्त राज्यघटना, इतिहास आणि महाराष्ट्राचा भूगोल.

सगळी पाठवली. दोन दिवस काही आलं नाही. मग परवा ऑफिसात, जेवणाच्या सुट्टीत, त्याचा मेसेज आला.

"भेटलं सगळं. लई उपकार झाले. तिले आवडलं, म्हनते लई साफ समजते. मले तं वाटे, मी मधामधात तुह्यासंग काईबाही बोलत होतो. काहीच कसं नाही त्यात?"

खोलीत कुणीतरी संत्रं सोलत होतं. मी रुमालाला हात पुसले आणि लिहिलं, "नाही रे. तू फक्त वाचत होतास."